डॉक्टर व्हावयाचें तर विषय कोणता घ्यावा?

न्यू जर्सीस राहणाऱ्या माझ्या एका भाचीचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. पत्र म्हणजे अर्थात् ई-मेल, परंतु आरंभ जुन्या वळणाचा होता : "ती. स्व. मामांस शि. सा. न. वि. वि." एरवीं तिचा फोन येतो. ती असें पत्र लिहावयास बसली म्हणजे घरांत कांहीं तरी अडलें आहे, असें मी समजतों. आणि तसेंच झालें होतें.

तिच्या मुलीला, म्हणजे नात्यानें माझ्या नातीला, डॉक्टर व्हावयाचें आहे. ही इच्छा कोणीं तिच्या गळ्यांत बांधलेली नाहीं. तिची स्वतःची आहे. ती आतां अठरा वर्षांची झाली व महाविद्यालयांत तिला प्रवेशहि मिळाला. येथपर्यंत घरांत आनंद होता. पुढें मुलीनें सांगितलें कीं, पदवीचा मुख्य विषय, ज्याला तिकडे 'मेजर' म्हणतात, तो ती इतिहास घेणार. आईच्या मतें डॉक्टर व्हावयाचें तर जीवशास्त्रावांचून गत्यंतर नाहीं. वडील स्वभावानें शांत, ते कोणत्याच बाजूनें बोलत नाहींत. तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर मीठ मागण्यापलीकडे संभाषण झालेलें नाहीं. पत्राच्या शेवटीं भाची लिहिते, "मामा, इतिहास शिकून कोणी डॉक्टर झाल्याचें तुमच्या ऐकण्यांत आहे काय? तिचा तुमच्यावर विश्वास आहे. तुम्हीं एक शब्द सांगितलात तर ती ऐकेल."

हें शेवटचें वाक्य वाचून मीं चष्मा काढून ठेविला. असाच एक शब्द मीं पूर्वीं एकदां सांगितला होता. त्याची हकीकत पुढें येईलच.

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें, भाचरें, पुतणे आज अमेरिकेंत आहेत, व हा प्रश्न आज ना उद्यां त्यांच्याहि घरीं उभा राहणार आहे. म्हणून भाचीच्या संमतीनें तो या पानावर घेत आहें.

प्रथम आईची बाजू पाहूं. कारण तिची भीति निराधार नाहीं, ती दुसऱ्या देशांतून आलेली आहे इतकेंच. ती पुण्यास शिकली. आपल्याकडे दहावी झाली कीं मुलांची शाखांमध्यें वाटणी होते. ज्याला वैद्यकाकडे जावयाचें त्यानें विज्ञानशाखा धरावयाची व तींत पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र हे विषय घ्यावयाचे. बारावीनंतर 'नीट'ची परीक्षा, आणि तींत निभाव लागला तर इंटर्नशिपचें वर्ष धरून साडेपांच वर्षांचा एम्. बी. बी. एस्. या वाटेवर सोळाव्या वर्षीं इतिहास हातीं धरला म्हणजे वैद्यकाचें दार लागलेंच. माझ्या भाचीच्या मनांत हें दार पक्कें बसलेलें आहे. दार दुसऱ्या घरचें आहे, हें मात्र तिच्या ध्यानांत आलेलें नाहीं.

अमेरिकेंत वैद्यकाचें शिक्षण पदवीनंतर सुरू होतें. चार वर्षें महाविद्यालयांत काढून पदवी घ्यावयाची. मग चार वर्षांचें वैद्यकीय विद्यालय. आणि त्यापुढें ज्या त्या शाखेप्रमाणें तीन ते सात वर्षें रेसिडेन्सी. ही पद्धति कांहीं सनातन नव्हे. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं कलकत्त्याहून निघून फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत दाखल झाल्या व ११ मार्च १८८६ रोजीं डॉक्टर झाल्या. त्या वेळीं त्यांच्यापाशीं कोणतीहि विद्यापीठाची पदवी नव्हती, व ती कोणीं मागितलीहि नाहीं. १८९३ सालीं बाल्टिमोर येथें जॉन्स हॉप्किन्सचें वैद्यकीय विद्यालय उघडलें. त्यानें मात्र प्रवेशापूर्वीं पदवी हवी असा कडक नियम केला. मेरी गॅरेट नांवाच्या एका बाईंनीं मोठी देणगी देतांना दोन अटी घातल्या होत्या : प्रवेशाची पातळी उंच असावी, आणि स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनें घ्यावें. गमतीची गोष्ट अशी कीं, त्या विद्यालयानें विज्ञानाच्या तयारीबरोबरच फ्रेंच व जर्मन या भाषांचें ज्ञानहि मागितलें होतें. पुढें १९१० सालीं अब्राहम फ्लेक्स्नर यांनीं अमेरिका व कॅनडा येथील दीडशेंवर वैद्यकीय विद्यालयें स्वतः पाहून एक झणझणीत अहवाल लिहिला. त्यांतील पुष्कळ विद्यालयें नांवाचींच होतीं. कोठें प्रयोगशाळा नाहीं, तर कोठें रोगी नाहींत. त्या अहवालानंतर पुष्कळशीं बंद पडलीं, आणि वैद्यकाआधीं विज्ञानाचा पाया पाहिजे हा दंडक देशभर रुजला.

या इतिहासांतील एक बारकावा लक्षांत ठेवण्याजोगा आहे. दंडकानें कांहीं विषयांचें ज्ञान मागितलें. पदवीवर अमुकच विषयाचें नांव असावें असें मागितलें नाहीं. आजहि स्थिति तीच आहे. 'प्री-मेड' हा शब्द आपल्याकडील पालक एखाद्या विषयाच्या नांवासारखा वापरतात. बहुतेक महाविद्यालयांत तें विषयाचें नांव नसून केवळ तयारीच्या क्रमाचें नांव असतें. तो क्रम साधारणपणें असा : जीवशास्त्र एक वर्ष, सामान्य रसायन एक वर्ष, सेंद्रिय रसायन एक वर्षाच्या आसपास, पदार्थविज्ञान एक वर्ष, आणि हीं बहुतेक प्रयोगशाळेसह, शिवाय जीवरसायनाचें एक सत्र, थोडें गणित किंवा संख्याशास्त्र, आणि इंग्रजी लेखन. मानसशास्त्र व समाजशास्त्र यांचीहि ओळख असावी असें सुचवितात. प्रत्येक विद्यालयाची यादी थोडी निराळी असते. ती ज्याची त्यानें पाहावी.

आतां एक साधा हिशेब करूं. चार वर्षांच्या पदवीस विद्यार्थी सत्रासत्रानें मिळून बत्तीस ते चाळीस पाठ्यक्रम पुरे करितो. वर सांगितलेल्या विज्ञानविषयांचे पाठ्यक्रम दहा-अकराच्या घरांत जातात. म्हणजे वैद्यकीय विद्यालयाला विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा सुमारें एक तृतीयांश भाग हवा आहे. उरलेले दोन तृतीयांश कशानें भरावयाचे, हा प्रश्न त्यानें विद्यार्थ्यावर सोंपविला आहे. आमच्या घरांतलें भांडण त्या दोन तृतीयांशांविषयीं चाललें होतें, व तें संपूर्णाविषयीं चाललें आहे असें उभयतांस वाटत होतें.

पदवीपूर्वीं किंवा पदवीनंतर 'एम्कॅट' नांवाची परीक्षा द्यावी लागते. तिचें सध्यांचें रूप २०१५ सालापासूनचें आहे. तिचे चार भाग असतात व एकूण गुण ४७२ ते ५२८ यांच्या दरम्यान दिले जातात. पहिला भाग रसायन व पदार्थविज्ञान यांचा, तिसरा जीवशास्त्र व जीवरसायन यांचा, चौथा मानसशास्त्र व समाजशास्त्र यांचा. दुसरा भाग ऐकून माझ्या भाचीला नवल वाटलें. त्यांत विज्ञानाचा एकहि प्रश्न नसतो. इतिहास, तत्त्वज्ञान, कला, समाजव्यवहार यांवरील उतारे दिलेले असतात. ते नव्वद मिनिटांत वाचून लेखकाला काय म्हणावयाचें आहे, त्याचें प्रतिपादन कोठें लंगडें आहे, हें ओळखावयाचें असतें. येथें पाठांतर उपयोगीं पडत नाहीं. ज्याला वाचनाची संवय आहे त्यालाच तो भाग साधतो. आणि रोग्याची हकीकत ऐकणें म्हणजे तरी दुसरें काय असतें?

मग प्रत्यक्षांत प्रवेश कोणाला मिळतो? २०२३ सालीं अमेरिकेंतील एम्. डी.च्या विद्यालयांकडे सुमारें ५२ हजार उमेदवारांनीं अर्ज केले व सुमारें २३ हजारांना जागा मिळाल्या. अर्जदारांपैकीं निम्म्याहून अधिक जीवशास्त्र व तत्सम विषयांचे असतात. परंतु साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांच्या अर्जदारांत यशाचें शेंकडा प्रमाण जीवशास्त्रवाल्यांपेक्षां कमी आढळत नाहीं. बहुधा किंचित् जास्तच आढळतें. मात्र यावरून कोणीं उलटा निष्कर्ष काढूं नये. इतिहास घेतल्यानें प्रवेश मिळतो, असा याचा अर्थ नाहीं. इतिहासाचा जो विद्यार्थी रसायनाचे सर्व पाठ पार करून अर्जापर्यंत पोंचतो, तो आधींच मनाचा पक्का व अभ्यासाचा चिवट असतो. कच्चे तत्पूर्वींच गळून गेलेले असतात. आंकडे एवढेंच सांगतात कीं, विषयाच्या नांवावरून दार उघडत नाहीं आणि लागतहि नाहीं.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय विद्यालयानें तर १९८७ सालीं एक धाडसी प्रयोग आरंभिला. मानव्यविद्यांचे कांहीं विद्यार्थी पदवीचा अभ्यास चालूं असतांनाच निवडून ठेवावयाचे. त्यांच्याकडून एम्कॅट मागावयाची नाहीं, आणि सेंद्रिय रसायन व पदार्थविज्ञान यांचे नेहमींचे पूर्ण पाठहि मागावयाचे नाहींत. २०१० सालीं डेव्हिड म्यूलर व नेथन केस यांनीं या विद्यार्थ्यांच्या प्रगतीविषयीं निबंध प्रसिद्ध केला. पहिल्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांत हे विद्यार्थी इतरांहून थोडे मागें होते. परंतु रुग्णालयांतील प्रत्यक्ष शिक्षणांत त्यांच्यांत व इतरांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. अर्थात् असे प्रयोग थोडे. सर्वसाधारण विद्यार्थ्याला रसायन चुकविण्याची सवलत नाहीं, व ती आहे अशा भ्रमांत कोणीं राहूं नये.

भाचीनें विचारलें होतें, असा कोणी डॉक्टर झाला आहे काय. हॅरल्ड व्हार्मस यांनीं १९६१ सालीं ॲम्हर्स्ट महाविद्यालयांतून इंग्रजी साहित्याची पदवी घेतली. हार्वर्ड विद्यापीठांत त्याच विषयाचे ते एम्. ए. झाले. मग मन वैद्यकाकडे वळलें. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयानें त्यांचा अर्ज दोनदां नाकारला. ते कोलंबियांत शिकून १९६६ सालीं डॉक्टर झाले, आणि १९८९ सालीं कर्करोगाच्या जनुकांवरील संशोधनासाठीं मायकेल बिशप यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

दुसरें नांव आपल्याला अधिक जवळचें आहे. डॉ. अतुल गावंडे यांचे वडील महाराष्ट्रांतील उटी या खेड्यांतून निघून अमेरिकेंत शस्त्रवैद्य झाले, मातोश्रीहि डॉक्टर. अशा घरांत मुलानें जीवशास्त्र घ्यावें यांत नवल नाहीं, व त्यानें तें घेतलेंहि. परंतु स्टॅनफर्ड येथें त्याच्या जोडीला राज्यशास्त्रहि घेतलें, आणि मग ऑक्सफर्डला जाऊन तत्त्वज्ञान, राजकारण व अर्थशास्त्र यांचा अभ्यास केला. हार्वर्डचे एम्. डी. ते १९९५ सालीं झाले. शस्त्रक्रियेपूर्वीं साध्या यादीवरून खात्री करून घेण्याची जी पद्धति त्यांनीं पुढें मांडली, आणि वार्धक्य व मृत्यु यांविषयीं २०१४ सालीं जें पुस्तक लिहिलें, त्यांत चाकू धरणाऱ्या हाताइतकाच समाजाकडे पाहणारा डोळाहि दिसतो. त्या पुस्तकांत उटी येथील आपल्या आजोबांचें शतायुषी वार्धक्य त्यांनीं वर्णिलें आहे. हा डोळा केवळ शरीरशास्त्राच्या वर्गांत तयार झाला असेल असें मला वाटत नाहीं.

तथापि थोरांचीं उदाहरणें जपून वापरावीं. नोबेल मिळालेल्या एका माणसामागें नांव नसलेले हजार असतात, आणि आपलीं मुलें बहुधा त्या हजारांपैकींच असणार. म्हणून आतां तराजूचें दुसरें पारडें पाहूं.

मुलीनें इतिहास घेतला तर तिचें काम हलकें होणार नाहीं, जड होईल. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याचे आवश्यक पाठ त्याच्या पदवींतच मोडतात. इतिहासाच्या विद्यार्थिनीला दोन संसार चालवावे लागतात. एका संध्याकाळीं प्रयोगशाळेची वही लिहावयाची आणि त्याच रात्रीं शंभर पानें वाचून निबंध तयार करावयाचा. दुसरें असें कीं, अर्ज तपासतांना सर्व विषयांच्या सरासरीबरोबर जीवशास्त्र, रसायन, पदार्थविज्ञान व गणित यांची सरासरी निराळी काढली जाते. विज्ञानाचे पाठ थोडे घेतले तर एखाद्या पाठांतील घसरण त्या सरासरींत अधिक उठून दिसते. इतिहासांतील उत्तम गुण ती झांकूं शकत नाहींत. तेव्हां "मला रसायन आवडत नाहीं म्हणून मी इतिहास घेतें" असें जर कोणी म्हणेल, तर त्या मुलीनें वैद्यकाचा विचार पुन्हां करावा. तसेंच प्रवेशमंडळाला आपण निराळे दिसूं म्हणून जो तत्त्वज्ञान घेतो, त्याची फसगत जीवशास्त्र नाइलाजानें घेणाऱ्याइतकीच ठरलेली.

आणि ज्याला जीवशास्त्रच मनापासून आवडतें त्यानें तेंच घ्यावें, हें काय सांगावयास पाहिजे? पेशीच्या पोटांत काय चाललें आहे हें पाहतांना ज्याला भूक लागलेली कळत नाहीं, त्याला मीं इतिहासाकडे कशाला ढकलावें?

आतां माझी हकीकत. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं माझ्या थोरल्या बंधूंच्या मुलापुढें, तो अमेरिकेंत शिकत असतां, हाच प्रश्न आला. त्याला गणिताचें वेड. डॉक्टर होण्याचीहि इच्छा होती, पण ती बरीचशी वडिलांची असून त्यानें आदरानें आपली मानलेली. गणित मुख्य विषय घेऊन वैद्यकाची तयारी करावी असा त्याचा बेत होता. बंधूंनीं मला विचारलें. मला तिकडील पद्धतीची कांहीं माहिती नव्हती. परंतु विचारलें म्हणजे सांगितलें पाहिजे, अशी वडीलपणाची समजूत होती. मीं फोनवर सांगितलें, "जीवशास्त्र घे. तो सरळ रस्ता आहे." पुतण्यानें ऐकलें. मोठ्यांचें ऐकण्याचें वळण आमच्या घरांत होतें, आणि मला त्याचा अभिमानहि वाटे.

चार वर्षांत त्याला पदवी मिळाली, गुण मध्यम. ज्या विषयांत मन नाहीं त्यांत यापेक्षां अधिक काय मिळावयाचें? त्यानें वैद्यकाकरितां दोनदां अर्ज केला. दोन्ही वेळां नकार. मग एका प्रयोगशाळेंत सहाय्यकाचें काम करून त्यानें कांहीं वर्षें काढलीं, आणि तिशीच्या उंबरठ्यावर, वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या शेजारीं बसून, संख्याशास्त्राचा आरंभापासून अभ्यास केला. आज त्याचें बरें चाललें आहे. परंतु माझे बंधू ती घडी बसलेली पाहावयास राहिले नाहींत. पुतण्यानें मला कधीं दोष दिला नाहीं. एकदांच, बंधूंच्या वर्षश्राद्धाला तो आला असतां, ओसरीवर बसून म्हणाला, "काका, डॉक्टर झालों नाहीं याचें वाईट वाटणें केव्हांच संपलें. पण तीं चार वर्षें माझीं झालींच नाहींत, याचें अजून वाटतें."

त्या वाक्याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, व आजहि नाहीं. त्यापासून मीं शिकलों तें एवढेंच : वर दिलेल्या आंकड्यांप्रमाणें एका वर्षीं अर्ज करणाऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिकांना त्या वर्षीं प्रवेश मिळत नाहीं. कांहींना पुढच्या वर्षीं मिळतो, कांहींना कधींच मिळत नाहीं. म्हणून मुख्य विषय निवडतांना मुलाला विचारावयाचा खरा प्रश्न असा आहे : "वैद्यकाचें दार उघडलेंच नाहीं, तरी हीं चार वर्षें या विषयांत काढल्याचा तुला आनंद वाटेल काय, आणि त्या शिदोरीवर पुढची वाट चालतां येईल काय?" दार उघडलें तर कोणताहि विषय चालून जातो. तें न उघडलें तरच विषयाची किंमत कळते. मीं पुतण्याला सरळ रस्ता दाखविला. तो रस्ता मध्येंच संपला तर मुलानें कोठें उभें राहावें, याचा विचार केला नाहीं.

भाचीला मीं उत्तर लिहिलें त्यांत तो एक शब्द दिला नाहीं. त्याऐवजीं कांहीं गोष्टी कळविल्या, त्या इतर पालकांनाहि उपयोगीं पडतील. पुष्कळशा महाविद्यालयांत मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जाहीर करावा लागत नाहीं. तेव्हां तंटा आजच्या आज मिटविण्याची गरज नाहीं. मुलीनें पहिल्याच सत्रांत रसायन घ्यावें, तें पुढें ढकलूं नये. आणि जोडीला इतिहासाचा एक पाठ घ्यावा. वर्षअखेर दोन्ही वह्या समोर ठेवाव्या. त्या वह्या आई व मुलगी या दोघींपेक्षां निःपक्षपातीपणें बोलतील. महाविद्यालयांत वैद्यकेच्छु विद्यार्थ्यांसाठीं सल्लागार असतात. त्यांच्याकडे पहिल्या महिन्यांतच जावें, तिसऱ्या वर्षीं नव्हे. सुटींत एखाद्या रुग्णालयांत किंवा वृद्धाश्रमांत सेवा करावी. रोग्याचा वास, त्याचा राग व त्याचें रडणें सोसतें कीं नाहीं, हें कोणत्याच विषयाच्या पुस्तकांत कळत नाहीं, आणि प्रवेशमंडळेंहि मुलाखतींत तेंच चांचपून पाहतात. आणि घाई करूं नये. पदवीनंतर एक-दोन वर्षें काम करून मग अर्ज करणारे तिकडे पुष्कळ आहेत; प्रवेश घेणाऱ्यांचें सरासरी वय चोविसाच्या आसपास असतें. राहिलेले विज्ञानविषय पदवीनंतर पुरे करण्याचीहि सोय असते; मात्र तिला पैसा लागतो, आणि वैद्यकाचें शिक्षण आधींच इतकें महाग कीं, कर्ज काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर शेवटीं दोन लाख डॉलरांच्या आसपास बोजा असतो. हा हिशेबहि मुलीपासून लपवूं नये.

येथें महाराष्ट्रांत राहणाऱ्या पालकांस एक इशारा. येथून मुलाला पदवीसाठीं अमेरिकेंत पाठवावें व मग तेथेंच वैद्यकास घालावें, असा बेत कित्येकांच्या मनांत असतो. परंतु जे तेथील नागरिक किंवा कायमचे रहिवासी नाहींत, त्यांचे अर्ज तेथील पुष्कळ वैद्यकीय विद्यालयें घेतच नाहींत. जीं घेतात तीं थोडीं, व तेथील स्पर्धा फार. माझ्या नातीचा जन्मच तिकडला, म्हणून तिला ही वाट मोकळी आहे. इतरांनीं ही चौकशी पहिल्या विमानतिकिटापूर्वीं करावी.

पत्र पाठविल्यावर मीं नातीलाहि फोन केला. "इतिहासच कां?" एवढेंच विचारलें. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग आपल्या अडखळत्या मराठींत म्हणाली, "आजोबा, कोविडच्या वेळीं मी तेरा वर्षांची होतें. आमच्या शेजारच्या आजोबांनीं लस घेतली नाहीं. ते चांगले शिकलेले होते. डॉक्टरांनीं समजावलें, तरी घेतली नाहीं. ते गेले. त्यांना लशीची माहिती होती. त्यांचा भरंवसा नव्हता. तो कां नव्हता, हें मला कोणत्या वर्गांत शिकवतील?" मला सुचलें तें मीं सांगितलें. १८९७ सालीं पुण्यास प्लेग होता. मुंबईंत डॉ. हाफकिन यांनीं त्याच वर्षीं प्लेगची लस स्वतःला टोंचून घेऊन दाखविली. आणि इकडे पुण्यांत शिपाई घरांत शिरून झडत्या घेत होते, व लोक आपलीं आजारी माणसें लपवून ठेवीत होते. औषध आणि भीति एकाच वर्षीं, एकाच प्रांतांत. ती म्हणाली, "हेंच. मला हेंच वाचावयाचें आहे."

सत्र सुरू होऊन आतां तीन आठवडे झाले. तिनें रसायन घेतलें आहे व इतिहासहि. पहिल्या चांचणींत रसायनांत गुण बेताचे पडले, असें तिनें स्वतःच कळविलें, त्याखालीं लिहिलें होतें, "पण मी सोडणार नाहीं." भाचीचा परवां फोन आला. जेवणाच्या टेबलावर पुन्हां बोलणें होऊं लागलें आहे म्हणाली. जीवशास्त्राचें नांव अजून मधूनमधून निघतें. तें निघणारच, आईच ती. फोन ठेवतां ठेवतां तिनें विचारलें, "मामा, पुण्याच्या प्लेगवर मराठींत कांहीं चांगलें असेल तर पाठवाल का? ती म्हणते, मला वाचून दाखव."

पुस्तकें काढून ठेविलीं आहेत. उद्यां टपालांत टाकणार आहें.